मुद्दल असू द्या

माणूस गेल्यावर त्याच्यामागे फक्त कीर्ती उरते, असं आमच्या शाळेच्या फळ्यावर दर पंधरवड्याला कुणीतरी लिहायचं. हे सुभाषित ज्याने रचलं तो गृहस्थ व्यापारी नसावा. व्यापारी गेला की त्याच्यामागे दोन याद्या उरतात. एक येण्याची आणि एक देण्याची. येण्याची यादी घरातल्या शेंबड्या पोरालादेखील पाठ असते. देण्याची यादी नेमकी वाळवीने खाल्लेली असते. वाळवीला एवढी अक्कल कुठून येते कोण जाणे, पण ती नेहमी वारसांच्या बाजूने असते एवढं खरं.

आमचे खापरपणजोबा रत्नागिरीच्या बंदरावर व्यापार करीत. तांदूळ आणायचा, नारळ आणि सुंभ पाठवायचं, पावसाळ्यात बंदर बंद झालं की ओटीवर बसून वह्या लिहायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा गलबतांची वाट बघायची, असा त्यांचा शिरस्ता. १८८१ साली ते वारले आणि त्यांच्या इस्टेटीचा निकाल अजून लागायचा आहे. मध्यंतरी इंग्रज गेले, खोती गेली, आणे-पै गेले, १९८१ साली सिंधुदुर्गाने रत्नागिरीतून वेगळी चूल मांडली, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली. पण आमच्या सातबाऱ्यावरची नावं काही उतरली नाहीत. उलट वाढली. आज त्या उताऱ्यावर सदतीस नावं आहेत. त्यातली चौदा कैलासवासी आहेत आणि खरं सांगायचं तर तीच चौदा जरा समजूतदार आहेत. उरलेली तेवीस पुणे, ठाणे, डोंबिवली, इंदूर आणि टोरांटो इथे राहून एकमेकांना मोबाईलवर सुप्रभात पाठवतात आणि दुपारनंतर भांडतात.

तर दोन वर्षांपूर्वी या तेवीसांचं एका बाबतीत एकमत झालं. रत्नागिरीचं घर आणि परसू विकून टाकायचं. घरात राहते फक्त माझी आत्या. वय वर्षं शहाऐंशी. तिला विचारल्यावर ती म्हणाली, “विका की. माझ्यानंतर विका नायतर आधी विका, मला काय त्याचं? फक्त वैशाख झाल्यावर विका.” वैशाख कशाला, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारायचं राहून जातं ते असं.

घर विकायचं म्हणजे माळा उतरवणं आलं. माळ्यावरून एक पितळी समई, दोन तुटके पाळणे, एक चांगला पाळणा आणि एक शिसवी पेटी खाली आली. पेटीत खापरपणजोबांच्या वह्या. रोजकीर्द आणि खतावणी. लाल बासनात बांधलेल्या, वर ‘श्री’ आणि खाली सगळी मोडी.

मोडी लिपी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना एवढंच सांगतो, की तीत लिहिणाऱ्याने एकदा बोरू टेकवला की तो ओळ संपेपर्यंत उचलायचा नसतो. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, शब्द तोडायची पद्धत नाही. ज्याने लिहिलं त्याला वाचता आलं तर त्याचं नशीब. आम्ही एका पेन्शनर गुरुजींना गाठलं. त्यांना मोडी येते अशी गावात ख्याती होती. ते रोज चारला यायचे, चहा घ्यायचे, भिंग लावायचे आणि एक पान वाचायला दीड तास घ्यायचे. त्या दीड तासात माझा एक चुलतभाऊ त्यांच्या खांद्यावरून वाकून एकच प्रश्न विचारी, “गुरुजी, यात थिबाचं नाव कुठे आहे का हो?”

ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. सरकारी तनखा त्याला पुरत नसे, तो रत्नं विकून खर्च भागवी आणि तरीही कर्जात असे. तेव्हा राजाचं एखादं माणिक आमच्या पेटीत गहाण पडलेलं असावं, असा भावाचा हिशेब. शेवटी गुरुजींनी चष्मा काढून त्याला शांतपणे सांगितलं, “अहो, तुमचे खापरपणजोबा एक्याऐंशीत गेले. राजा आला शहाऐंशीत.” पाच वर्षांनी माणिक हुकल्याचं दुःख भावाच्या तोंडावर मी पाहिलं आहे. खापरपणजोबा अकाली गेले हे त्याला त्या दिवशी प्रथम जाणवलं.

वह्यांतून हळूहळू जे उमगलं ते असं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. एवढा पैसा मुंबईत आला की तो ठेवायचा कुठे हे लोकांना कळेना. मग बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. या साऱ्या खेळाचे सूत्रधार शेठ प्रेमचंद रायचंद. त्यांनी चिठ्ठी दिली की बँक ऑफ बॉम्बे कर्ज देई, असा तो जमाना. मग एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला. त्या दिवशी मुंबईत प्रत्येकाला प्रत्येकाकडून येणं होतं आणि कुणाकडेच पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग २८५० रुपयांवर गेला होता तो पुढे ८७ रुपयांना मिळू लागला. दिवाळखोर इतके झाले की त्यांच्या इस्टेटींचा निकाल लावायला सरकारला त्याच साली खास कायदा करावा लागला. पुढच्या वर्षी प्रेमचंदशेठही बुडाले. माणूस मात्र चिवट. बुडाले, देणेकऱ्यांना सामोरे गेले, पुन्हा उभे राहिले आणि १९०६ साली गेले तेव्हा मानाने गेले. त्यांनी भरभराटीत, १८६४ साली, मुंबई विद्यापीठाला दोन लाख ग्रंथालयासाठी आणि दोन लाख मनोऱ्यासाठी दिले होते. तो आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला आणि अजून घड्याळ दाखवतो.

आमच्या खापरपणजोबांनी आईच्या नावाने टॉवर बांधला नाही. त्यांनी फक्त दोन हजार रुपये मुंबईला पाठवून एका कंपनीचे भाग घेतले. वहीत त्याची नोंद ‘मुंबईचे कागद’ अशी आहे. वर्षभराने त्याच नोंदीपुढे ‘कागद’ एवढाच शब्द राहिला आहे, ‘मुंबईचे’ गळलं आहे. मला तो बदल फार बोलका वाटतो.

कागद बुडाले तेव्हा त्यांच्याकडे तांदळाच्या तीन खेपांचं गलबताचं भाडं द्यायचं राहिलं होतं. ते भाट्याच्या खाडीपलीकडच्या एका नाखव्याचं होतं. रक्कम रुपये ३१२, आणे ६. व्याज दरमहा दरशेकडा आठ आणे. नोंद शके १७८८ ची, म्हणजे १८६६ सालची. आणि ती कुठेही फिटल्याची नोंद नाही. दर पाडव्याला बाकी पुढच्या वहीत ओढलेली. वाळवीने आजूबाजूची पानं खाल्ली होती, हे एक पान तेवढं सोडलं होतं. वाळवी उलटली म्हणायची.

मी तीस वर्षं बँकेत काढली. थकबाकी दिसली की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. सहा टक्के, चक्रवाढ, १८६६ ते २०२४, म्हणजे एकशे अठ्ठावन्न वर्षं. आणे सोडून दिले तरी आकडा आला एकतीस लाखांच्या वर. मी तो सगळ्यांना कळवला. सुप्रभात बंद झालं. टोरांटोहून, जिथे तेव्हा पहाटेचे चार वाजले होते, तात्काळ विचारणा झाली : “येणं किती आहे?”

येणंही होतं. बरंच होतं. निम्म्या रत्नागिरीकडे खापरपणजोबांचं काही ना काही येणं होतं. त्यात आमच्या आजोळची मंडळी होती आणि माझ्या सासुरवाडीचं घराणंही होतं. सासुरवाडीकडून एकशे चाळीस रुपये येणं आहे, हे मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मग मला परत पाठवा आणि हिशेब पुरा करा.” तो विषय मी तिथेच बुडीत खाती टाकला.

इथे आमचे मेहुणे पुढे आले. ते वकील आहेत. वकील माणूस घरात असावा, पण जेवणाच्या वेळी नसावा, असं माझं मत आहे. त्यांनी पहिला घास घेता घेता सांगितलं, “घाबरायचं कारण नाही. हे कर्ज तीन प्रकारांनी मेलेलं आहे.”

पहिला प्रकार दामदुपट. आपल्या जुन्या धर्मशास्त्राचा नियम असा, की पैशाच्या कर्जावर एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नाही. धान्याला सवलत वेगळी, तिथे मनूने पाचपटीपर्यंत मजल नेली आहे. पण रोकड दुपटीवर थांबते. हा नियम मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी कोर्टांनीही मानला. तेव्हा एकतीस लाख विसरा. फार तर ६२४ रुपये १२ आणे.

सर्वांना एकदम भूक लागली. आमटी पुन्हा फिरली.

दुसरा प्रकार वारसांचा. बापाचं कर्ज मुलाने व्याजासकट फेडावं, आजोबांचं नातवाने नुसतं मुद्दल फेडावं, आणि पणतूने पदरात काही इस्टेट पडली नसेल तर फेडू नये, अशी शास्त्राची पायरी. आम्ही तर खापरपणतू. शास्त्रकारांना आमची दखलही घ्यावीशी वाटली नव्हती. त्यातून दारू, जुगार वगैरेंपायी केलेलं बापाचं कर्ज मुलाला लागू नव्हतंच. शास्त्रकार आमच्यासारख्यांचे बाप ओळखून होते. पण मुंबई इलाख्यात एके काळी कोर्टं असं धरीत, की वाडवडिलांनी कवडी ठेवली नसली तरी मुलाने आणि नातवाने कर्ज फेडलंच पाहिजे. मग १८६६ साली मुंबई सरकारने कायदा केला, की वारसाची जबाबदारी जेवढी इस्टेट हाती आली तेवढीच. म्हणजे खापरपणजोबांनी बाकी लिहिली त्याच साली सरकारने त्यांच्या मुलांची सोय लावली होती. आणि उरलंसुरलं ९ सप्टेंबर २००५ ला संपलं. त्या दिवसापासून निव्वळ धर्मकर्तव्य म्हणून मुलानातवांवर कर्जाचा दावा लावता येत नाही. “मात्र,” मेहुणे बोट वर करून म्हणाले, “त्याआधीच्या कर्जांना जुनाच नियम.” वकिलाच्या बोलण्यात ‘मात्र’ आलं की आपला हात खिशाकडे जातो.

“आणि तिसरा प्रकार?”

“मुदत. पैशाच्या दाव्याला तीन वर्षं. इंग्रजांनी १८५९ सालीच मुदतीचा कायदा केला. त्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी कुळाकडून नवं खत लिहून घ्यायचा आणि व्याज मुद्दलात घालायचा. पुढे १८७५ साली पुणे-नगरकडे कुळांनी सावकारांची खतं जाळली ती उगाच नाही. आपल्याकडे नवं खत नाही. तेव्हा दावा मेला.”

“आणि कर्ज?” मी विचारलं.

मेहुण्यांनी ताक पिऊन घेतलं. “कर्ज तसं मरत नाही. मुदतीने दावा मरतो. कर्ज आपलं असतंच. कोर्टात उभं राहू शकत नाही एवढंच.”

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं. बँकेत तीस वर्षं मी बुडीत खाती काढली, पण त्यांचं पुढे काय होतं हा विचार कधी शिवला नव्हता. ती तशीच असतात म्हणे. कुठेतरी, आपली, उभं राहता न येणारी.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी नवा बॉम्ब टाकला. “इथे दर वर्षी एक नोंद आहे,” ते भिंगातून डोळा न काढता म्हणाले, “‘अंबू, शंभर.’ दर वैशाखात. सालोसाल. मरेपर्यंत.”

माजघरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. अंबू! दर वर्षी शंभर रुपये! आमच्या घरात खापरपणजोबांची तसबीर देवघराशेजारी आहे. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं, चेहऱ्यावर एकादशी. त्या तसबिरीकडे सगळ्यांनी एकदा नव्याने पाहिलं. मेहुणे हलक्या आवाजात म्हणाले, “असलं कर्ज वारसांना लागू होत नाही,” आणि चुलतभाऊ म्हणाला, “पण अंबूचेही वारस असतील ना?” सातबाऱ्यावर अडतिसावं नाव उमटताना मला दिसू लागलं.

तेवढ्यात आत्या स्वैपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती खांबाला टेकली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

“अंबू कसली मेल्यांनो! आंबे! आंबे शंभर!”

गुरुजींनी भिंग पुसलं, पान उजेडात धरलं आणि पुढचं वाचलं : ‘रोख सोय नाही, सबब नाखवा यांस व्याजापोटी आंबे शंभर.’

मग आत्याने जे सांगितलं ते त्या घरात राहणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं. परसातल्या पायरीचे पहिले आंबे खाडीपलीकडे एका घरी जायचे. आत्याच्या आजीने पाठवले, आईने पाठवले. आत्या स्वतः विधवा होऊन माहेरी आल्यापासून ती पाठवते. का पाठवायचे, ते तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. रीत होती. पहिलं झाड पडलं तेव्हा त्याच जागी दुसरं लावलं. तर होती तेव्हा तरीतून जायचे, पूल झाल्यावर पुलावरून, आता रिक्षातून जातात. म्हणून वैशाख झाल्यावर घर विका.

“आणि तिकडून?”

“तिकडून टोपली रिकामी यायची नाही. नारळ यायचे. मग त्यांची मुलं आखातात गेली तेव्हापासून खजूर येतो. एकदा साबणाच्या वड्या आल्या होत्या, अजून एक पेटीत आहे.”

मी मनात हिशेब केला. तीनशे बारा रुपयांवर सहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज सुमारे पावणेएकोणीस रुपये. १८६६ साली एवढ्यात शंभर आंबेच काय, आंब्यांची गाडी आली असती. नाखव्याने उघड उघड तोटा सोसला होता. बुडालेल्या माणसाची पत राहावी म्हणून त्याने आंब्यांना व्याज म्हटलं, आणि खापरपणजोबांनी ते तसं लिहून ठेवलं. आमच्या बँकेत या प्रकाराला नाव नव्हतं.

मेहुणे मात्र पांढरे पडले होते. “आत्या, टोपलीबरोबर चिठ्ठी पाठवता का काही?”

“पाठवते तर. ‘आंबे एकशे एक पाठवले आहेत. मोजून घ्यावे.’ आणि खाली सही. माझी आई पण पाठवायची.”

मेहुण्यांनी खुर्ची ओढली. “मुदत संपायच्या आत कर्जापोटी काही दिलं आणि देणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीनिशी त्याची नोंद असली, की त्या दिवसापासून पुन्हा नवी तीन वर्षं सुरू होतात! म्हणजे तुमच्या आजीने, आईने आणि तुम्ही मिळून दीडशे वर्षांचं कर्ज जिवंत ठेवलंय! दर वैशाखात! सहीनिशी!”

“बरं झालं,” आत्या म्हणाली. “पण शंभर नाही हो, एकशे एक.”

“वरचा एक कशाला?”

“शंभर दिले की हिशेब पुरा होतो. आहेरावर रुपया का ठेवतात? पुरा झालेला हिशेब बरा नसतो.”

यावर कायद्याचं कुठलं कलम लागतं ते मेहुण्यांना सुचेना.

शेवटी असं ठरलं, की घर विकण्याआधी प्रकरण कायमचं मिटवायचं. दामदुपटीने ६२४ रुपये १२ आणे नेऊन द्यायचे आणि ‘भरून पावलो’ अशी पावती घ्यायची. बारा आण्यांचे झाले पंचाहत्तर पैसे. पण पंचवीस पैशांचं नाणं २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं. तेव्हा पाकिटात घातले ६२५. पंचवीस पैशांचं नुकसान कुणी सोसायचं यावर तेवीस वारसांत फक्त दोन दिवस चर्चा झाली. एकाने चांदीचा मुद्दा काढला. १८६६ चा रुपया तोळाभर वजनाचा आणि चांदीचा, म्हणजे ते कर्ज जवळजवळ साडेतीन किलो चांदीचं होतं. त्याला बाकी बावीस जणांनी गप्प बसवलं. देण्याच्या बाबतीत आमच्या घराण्यात दुफळी नाही.

मी आणि मेहुणे पूल ओलांडून गेलो. नाखव्याच्या घरात आता गलबत नाही. नातू मस्कतला असतात. घरात होत्या एक चाची, आत्याच्याच वयाच्या. त्यांनी चहा दिला, खजूर दिला, आत्याच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग मेहुण्यांनी पाकीट पुढे ठेवून सगळी हकिकत सांगितली. कर्ज, व्याज, दामदुपट, मुदत. चाचींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आमच्याकडे पण खत होतं म्हणतात,” त्या म्हणाल्या. “वाळवीने खाल्लं.”

वाळवीचा निःपक्षपातीपणा मला त्या क्षणी पटला.

“तर हे पैसे घ्या आणि इथे सही करा. म्हणजे मिटलं,” मेहुणे म्हणाले.

“मिटलं म्हणजे?”

“म्हणजे मुद्दल फिटलं. व्याज थांबलं.”

चाचींनी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “व्याज थांबलं म्हणजे आंबे बंद?”

मला उत्तर देता आलं नाही. चाची पुढे म्हणाल्या, “मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. त्या साली टोपली आली तेव्हा सासूबाईंनी मला आंबे मोजायला बसवलं. तेव्हापासून मीच मोजते. आक्कांची चिठ्ठी येते. आम्ही दोघी भेटलोय किती वेळा? चार, फार तर पाच. पण टोपली आली की मला कळतं, आक्का आहेत. नारळ गेले की तिला कळतं, मी आहे.” मग त्या जरा हसून मेहुण्यांना म्हणाल्या, “आणि वकीलसाहेब, आमचे नारळ तुम्ही कुठल्या खात्यात धरलेत?”

एकशे अठ्ठावन्न वर्षांचे नारळ! वजा करायचं म्हटलं तर कदाचित आमचंच त्यांच्याकडे येणं निघालं असतं, नाहीतर त्यांचंच आमच्याकडे आणखी. मेहुण्यांनी पाकीट खिशात घातलं. पंचवीस वर्षांच्या वकिलीत त्यांना असं निरुत्तर झालेलं मी पाहिलं नव्हतं. परतताना पुलावर ते एवढंच म्हणाले, “प्रतिदावा भक्कम आहे.”

घरी आल्यावर आत्याने विचारलं, “घेतले का पैसे?”

“नाही.”

“शहाणी आहे,” असं म्हणून ती तांदूळ निवडायला बसली. मला वाटतं तिचा जीव तोपर्यंत टांगणीला होता. एरवी ती तांदूळ निवडताना गुणगुणते. त्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा गुणगुणत नव्हती.

मी बँकेत शिकलो ते असं, की बाकी शून्य हे खात्याचं सौख्य. शून्य झालं की खातं बंद, माणूस मोकळा. मोकळा खरा, पण मग त्याला बँकेची पायरी चढायचं कारण उरत नाही. खापरपणजोबांच्या इस्टेटीतली सगळी येणी आज मेलेली आहेत. ज्यांच्याकडे येणं होतं त्यांची घरं कोणती, हेही आता धड सांगता येत नाही. अख्ख्या खतावणीत जिवंत राहिलं ते एकच खातं, जे आम्ही देणं लागतो ते. आणि त्या एका घराचा रस्ता मात्र रत्नागिरीतला कुठलाही रिक्षावाला आत्याला न विचारता घेतो.

घर अजून विकलेलं नाही. टोरांटोची सही यायची आहे, आणि विक्रीच्या मसुद्यात पायरीच्या झाडाचं काय करायचं यावर वाद चालू आहे. मेहुण्यांनी त्यात एक कलम सुचवलं आहे, की घर कुणीही घेवो, वैशाखातले पहिले एकशे एक आंबे राखून ठेवावेत. स्वतः सुचवलं, कुणी सांगितलं नव्हतं.

मात्र वकील तो वकील. या वर्षी टोपलीबरोबर द्यायला त्यांनी एक चिठ्ठी टाईप करून आणली. ‘सदरहू आंबे हे कोणत्याही देण्यापोटी वा व्याजापोटी नसून केवळ स्नेहापोटी पाठविण्यात येत आहेत, सबब त्यामुळे कोणतीही मुदत नव्याने सुरू होणार नाही.’ आत्याने ती चष्मा लावून दोनदा वाचली, तिची घडी घालून तिने टोपलीत खालच्या आंब्यांना डाग लागू नये म्हणून ठेवली आणि वहीचं पान फाडून आपल्या अक्षरात लिहिलं : ‘व्याज पाठवले आहे. एकशे एक. मोजून घ्यावे.’ खाली सही. तारीखसुद्धा घातली, मेहुण्यांना दिसेल अशी.

संध्याकाळी टोपली परत आली. खजूर, पाच नारळ आणि चिठ्ठी.

‘व्याज पोचले. एक आंबा डागी निघाला, तो पुढच्या साली बदलून द्यावा. मुद्दल असू द्या.’